उंबऱ्यामागं एक

खोली बघायला गेलो तेव्हा आमच्या घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि पुण्याहून आलेल्या मास्तराला हमखास विचारला जाणारा लग्नाचा प्रश्नही विचारला नाही. त्यांनी खोलीच्या दाराकडे काठी रोखली आणि म्हणाले, "ह्या खोलीला येगळा उंबरा हाय. चालंल का?"

मला वाटलं, सोय सांगताहेत. मी उत्साहाने "उत्तम" म्हणालो.

त्याच आठवड्यात एका सकाळी तीच काठी माझ्या दारावर आपटली. पाण्यापलीकडच्या धनगरवाड्यावर एक बाई अडली होती. तिला होडीतून अलीकडे आणून एस.टी.च्या थांब्यापर्यंत डोलीतून न्यायचं होतं, आणि त्यासाठी उंबऱ्यामागं एक माणूस हवा होता. माझ्या उंबऱ्यामागे मी एकटाच होतो. तोवर मी पुस्तकांच्या पिशवीपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. संध्याकाळी परत आलो तेव्हा खांदा सुजला होता आणि घरमालक पडवीत बसून माझी वाट पाहत होते. त्यांनी बाईची चौकशी केली आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता तुमी गावकीत बोलाया मोकळं."

हा नियम कुणी केला ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. कुणाला साप चावला, कुणी दगावलं, पावसाळ्याआधी होड्या काठावर ओढायच्या झाल्या, की उंबऱ्यामागं एक माणूस. जत्रेचा बकरा पडला, की उंबऱ्यामागं एक वाटा. आणि गावकी बसली, की उंबऱ्यामागं एक शब्द. घरात खोल्या किती आणि शेतात खाचरं किती, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. घरमालक या नियमाचे राखणदार होते. सगळा गाव त्यांना आबा म्हणे, मीही म्हणू लागलो. "ज्यानं खांदा दिला त्यानं तोंड उघडावं," एवढंच त्यांचं राज्यशास्त्र होतं. मी कॉलेजात त्या विषयावरचे दोन जाड ग्रंथ वाचले होते. त्यांत याहून फारसं जास्त काही नव्हतं, इंग्रजी मात्र पुष्कळ होतं.

आबांचं जन्मगाव मुळशीच्या पाण्याखाली होतं. धरण झालं तेव्हा ते तिशीत होते. त्या वेळच्या लढ्याबद्दल ते कधी बोलत नसत. त्यावर बोलणारे तालुक्यात भरपूर होते, आणि त्यांतले बरेचसे तेव्हा जन्मलेही नव्हते. पाणी चढू लागलं तशी लोकांनी कौलं उतरवली, वासे काढले, भांडी बांधली. आबांनी पहार घेतली आणि सगळ्यांत आधी उंबरा काढला. सागाचा, वीतभर रुंद, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. वर टेकाडावर नवं घर उभं राहिलं ते त्या उंबऱ्याच्या मापाने. आधी उंबरा, मग दार, मग भिंती.

बुडालेल्या गावाबद्दल त्यांच्या बोलण्यात भूतकाळ नसे. जाळं कुठे टाकावं असं कुणी विचारलं, की पाण्याच्या ऐन मध्यावर काठी रोखून सांगत, "माझ्या परसात टाका. तितं केळीचं आळं हाय, मासा बसतो." वैशाखात पाणी उतरलं, की जुन्या गावच्या देवळाचं जोतं आणि आसपासच्या काही घरांची जोती गाळातून वर येत. आबा खराटा घेऊन खाली जात आणि आपलं जोतं लख्ख झाडून काढत. मी एकदा म्हणालो, "आबा, थोड्या दिवसांत हे पुन्हा बुडणार. झाडायचं कशाला?"

"तुमी दाढी कशाला करता?" आबा म्हणाले.

वर्षाची मोठी गावकी त्याच देवळाच्या जोत्यावर भरे. वरच्या नव्या गावात चावडी होती, सतरंजी होती, पण गावकी खालीच. पाण्यापलीकडचे धनगरही तिथे येत. पुरुष जोत्यावर बसत आणि बायका खाली, ऐकू येईल इतक्या अंतरावर उभ्या राहत. आमच्या काकूंना, म्हणजे आबांच्या पत्नीला, हे बिलकूल पसंत नव्हतं. "उंबऱ्यामागं एक, उंबऱ्यामागं एक," त्या भाकरी थापता थापता म्हणत, "आन् त्यो एक दर टायमाला मिशीवालाच कसा निघतो, ते इचारा की मास्तर तुमच्या आबांना." अशा वेळी आबांना बैलांना पाणी दाखवायची आठवण होई.

पाण्याकाठच्या गावाला होडी लागते आणि होडीला मिस्त्री. आमचा मिस्त्री गोव्याचा. दुसरी लढाई संपल्यावर काही वर्षांनी कुणीतरी त्याला एक फुटकी होडी दाखवायला आणलं, आणि तो राहिला. काठावर जांभळाच्या झाडाखाली चार खांब आणि वर पत्रा, हेच त्याचं घर आणि हाच कारखाना. एका खांबाला लहानसा लाकडी क्रूस. फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकणं आणि वरून राळ चोपडणं, यात त्याचा दिवस जाई. त्याचं मराठी अर्धं कोकणी होतं, पण तो इतकं कमी बोले की कुणाचं अडत नसे. होडी ओढायला सगळ्यांत आधी येई आणि सगळ्यांत शेवटी जाई.

त्या काळात पुण्यात पोर्तुगालविरुद्ध मोर्चे निघत होते. आमच्या गावच्या तरुण मंडळाला पोर्तुगाल काही हाताला लागेना, म्हणून त्यांनी मिस्त्रीला 'फिरंगी' म्हणायला सुरुवात केली. मिस्त्री त्या नावालाही ओ देई.

मग पंचायतीची निवडणूक आली आणि चावडीपुढे मतदारांची नावं वाचली गेली. माझं नाव होतं. गावात येऊन मला जेमतेम एक पावसाळा झाला होता, आणि पंचायत नेमकं काय करते ते मला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीचं नाव नव्हतं.

"ह्याचं ऱ्हायलं," आबा तालुक्याच्या कारकुनाला म्हणाले.

"राहिलं नाही, आबा. तो पोर्तुगालचा प्रजाजन आहे. परका नागरिक."

आबांनी वळून पाहिलं. "का रं, तू पोर्तुगाल पायलंय का?"

"ना," मिस्त्री म्हणाला.

"त्यांनी तुला पायलंय?"

मिस्त्रीने मनापासून विचार केला. "ना."

"मग?" आबा कारकुनाला म्हणाले.

कारकून भला होता. त्याने समजावून सांगितलं, की मिस्त्रीने अर्ज करावा, इथला नागरिक व्हावं, मग पुढच्या वेळी नाव येईल. सगळ्यांना हे रास्त वाटलं. मिस्त्री मात्र मान हलवून "नको" म्हणाला आणि काठाकडे चालू लागला. आबा आणि मी मागोमाग गेलो.

"आवय आसा थंय, मास्तर," तो रंधा हातात घेऊन म्हणाला. "एकटी. मी कागदावर हितला झालो, तर पोर्तुगीज मला तिकडं सोडचे नात. हद्द बंद आसा, पण आता निदान चोरून तरी जातां, वर्षा-दोन वर्षांनी."

आबा पालथ्या होडीवर टेकले. "म्हंजे आईला भेटायचं का गावात बोलायचं, दोनातलं एक काय ते निवड," ते म्हणाले. "ज्यानं ह्यो कायदा केला त्याला आई नसंल."

त्या दिवसापासून त्यांनी हे प्रकरण हातात घेतलं. ते मला समोर बसवत आणि अर्ज सांगत. मी पुस्तकी भाषेत काही घातलं, की "हे कोन बोललं?" म्हणून खोडायला लावत. उत्तरं येत ती एकाच वळणाची, अर्ज योग्य त्या खात्याकडे पाठवला आहे अशी. ते योग्य खातं कुठे होतं, ते आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

निवडून आले ते सरपंच वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त कमानींचं वेड होतं. तालुक्याला कुठल्याशा समारंभात त्यांनी एका मोठ्या पाहुण्याला कमानीखालून येताना पाहिलं होतं, आणि पाहुणा कमानीखालून आला की सुधारणा त्याच्या मागून येते, असा त्यांचा समज झाला होता. पाणी बघायला बडे लोक लाँचमधून येतील, त्यांना उतरायला दगडी पायऱ्या हव्यात, वर चौथरा हवा, चौथऱ्यावर कमान हवी, असा ठराव पंचायतीत झाला. जागा ठरली जांभळाच्या झाडाखालची.

"मिस्त्रीला इचारलं का?" आबांनी सरपंचांना विचारलं.

"त्याला काय इचारायचं? त्यो यादीत कुटं हाय?"

ठराव झाला, पण पंचायतीकडे पैसा नव्हता. त्या दिवसांत पैसा नसला की श्रमदान करत. श्रमदान म्हणजे उंबऱ्यामागं एक माणूस, आणि उंबऱ्यामागं माणूस मागायचा तर गावकीला विचारावंच लागे. सरपंचांना हा फेरा आवडला नाही, पण दगड कमानीच्या वेडाने हलत नाहीत, त्यांना खांदा लागतो.

वैशाखात पाणी उतरलं आणि गावकी भरली. सरपंच उभे राहून बोलले. गावकीत उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. पायऱ्या, पाहुणे, तालुक्यात होणारं नाव, सगळं सांगून झालं. मग आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "ज्याची जागा जायाची त्याला बोलू द्या. मिस्त्री, बोल."

"थांबा," सरपंच म्हणाले. माणूस हुशार होता. "आबा, नियम तुमचाच. उंबऱ्यामागं एक. मिस्त्रीचा उंबरा कुटं हाय? चार खांब आन् एक पत्रा. दारच न्हाई तितं उंबरा कसला?"

"होडी ओढाया येतो त्यो."

"येतो, ती त्याची हौस. जत्रेचा वाटाबी तुमी त्याला तुमच्यातला देता, सगळ्या गावाला ठावं हाय."

आबांनी काठी हातात फिरवली.  ज्या नियमावर ते उभं आयुष्य टेकून बसले होते, तो नियमच समोरच्या बाजूला जाऊन बसला होता. ऊन चढलं, आणि निकाल पुढच्या सोमवारवर गेला.

वर चढताना आबा मिस्त्रीला म्हणाले, "गावातल्या निम्म्या घरांचं उंबरं तू बसवलंस. सोताचा का रं न्हाई केलास?"

"माझा आसा थंय," मिस्त्री म्हणाला. "आवय त्यावर बसता, सांजवेळी. हितं दुसरा केला तर..." 

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत हादरते आहे असं वाटून मी बाहेर आलो. आबा पहार घेऊन स्वतःच्या दाराशी भिडले होते. काकू आत, आबा बाहेर, मध्ये धूळ.

"अवो, लक्ष्मी येती त्या वाटंनं!" काकू म्हणत होत्या.

"यील की. अडथळा कमी झाला तिला."

"आन् साप?"

"त्यो काय उंबरा बघून येतो व्हय?"

"डोकं फिरलंय तुमचं."

"मास्तर," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या टोकाला धरा."

लाकडाला जड टोक असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. सागाची मोठी गाठ ज्या बाजूला होती ती बाजू माझ्या वाट्याला आली. आम्ही दोघं गावातून खाली निघालो. खांद्यावर आडवं लाकूड, पुढे आबा, मागे मी. लोक दारात येऊन उभे राहिले. एकाने टोपी काढून विचारलं, "आबा, कुणाचं काय झालं?"

"अजून न्हाई. सोमवारी बघू," आबा म्हणाले.

मिस्त्रीने आम्हाला येताना पाहिलं आणि काय आहे ते त्याला लांबूनच कळलं. तो दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. "आबा, ना. मी केला नाही, तो तुमचा घेऊ?"

"तू करू नगंस. मी देतोय, तू घे. आईला सांग, एका म्हाताऱ्यानं जबरदस्ती केली."

"तुमच्या बापाच्या घरचा तो."

"व्हय. एकदा पाण्यातनं उठून आलाय. जागा बदलली म्हनून त्याला काय हुत न्हाई." आबांनी लाकूड खाली ठेवलं आणि दम घेतला. "तितला तितं ऱ्हाऊ दे की. तुला पाय दोन हायेत का एक?"

 मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली, वाकून लाकडाचं माप घेतलं आणि पुढच्या दोन खांबांमधल्या अंतराशी ताडून पाहिलं. माप जमत नव्हतं. त्याने उंबऱ्याला करवत लावली नाही. एक खांब उपटला आणि अलीकडे रोवला.

असा तो उंबरा बसला. दार नाही, भिंती नाहीत, तिन्ही बाजू मोकळ्या आणि चौथीकडे उंबरा. पण त्या सकाळपासून, शेळ्या सोडल्या तर, गावातलं कुणीही दुसऱ्या बाजूने आत गेलं नाही.

सोमवारी गावकी पुन्हा बसली. मिस्त्री जोत्याच्या कडेला येऊन टेकला. सरपंचांनी सगळं ऐकलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "ठीक हाय. मिस्त्रीला उंबरा झाला. मग आबा, आता तुमचा कुटं हाय?"

कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "न्हाई. बरुबर बोललास," ते म्हणाले, काठी टेकून उठले आणि जोत्यावरून खाली उतरले. थोड्या अंतरावर त्यांच्या जुन्या घराचं जोतं होतं, त्यांनी त्या वर्षीही झाडून ठेवलेलं. दाराच्या जागी दगडात दोन खाचा होत्या, त्यांत कधीकाळी तो उंबरा बसत असे. आबा त्या दोन खाचांच्या मधोमध जाऊन बसले. तिथेच जवळ बायका उभ्या होत्या. काकूंचा आवाज मला जोत्यावर ऐकू आला. "कळलं का आता, हितनं कसं ऐकू येतं?"

 आबांनी सरकून शेजारी जागा केली, आणि काकू बसल्या.

आता मिस्त्रीच्या वतीने बोलणारं कुणी उरलं नव्हतं. तो उभा राहिला, मग गावकीत बसून बोलतात हे आठवून खाली बसला.

"मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला, "तू राहतलो का जातलो. इतक्या वर्षांत. मीबी मला विचारलं नाही. उंबरा बसवताना विचारलं." त्याने जांभळाकडे बोट केलं.  "मी हितं रावतां. कमान करा तुमी. पण मी हितनं उठचो नाय."

एवढंच. मी भाषणं पुष्कळ ऐकली आहेत. बोलणाऱ्याला बोलता बोलताच आपलं म्हणणं कळत जातं, असं भाषण तेवढं एकच ऐकलं.

 मग पाण्यापलीकडचा एक म्हातारा धनगर, ज्याच्या सुनेची डोली मी माझ्या पहिल्या आठवड्यात वाहिली होती तो, खाकरला. "आमच्या उंबऱ्याचा मानूस दगडं वाह्यला यायचा न्हाई," तो म्हणाला. शेजारचा म्हणाला, "आमचाबी." मग पुढचा. सरपंचांनी आशेने तरुण मंडळाकडे पाहिलं. पण मंडळाकडे उंबरे नव्हते, ते त्यांच्या बापांचे होते. माझी पाळी आली तेव्हा मीही "आमचाबी" म्हणालो, आणि गावच्या बोलीत म्हणालो म्हणून लोकांनी मान डोलावली.

पायऱ्या झाल्या नाहीत. सरपंचांनी रस्त्यावर बांबूची कमान उभारली, पण पाहुणे येण्याआधी वारा येऊन गेला.

गावकीपुरतं जमलं, तरी आबांचं समाधान झालं नव्हतं. विहीर कुठे, रस्ता कुठून, शाळेला खोली कधी, हे सगळं आता पंचायतीत ठरू लागलं होतं, आणि तिथे मिस्त्रीचा उंबरा कुणी विचारत नव्हतं. मिस्त्री आबांना म्हणाला, तुमच्या दाराला नवा उंबरा करून देतो. आबा म्हणाले, "आधी तुझं पुरं होऊ दे." त्यामुळे काकूंच्या घराला उंबरा नाही ही गोष्ट कित्येक वर्षं तशीच राहिली, आणि आबा प्रत्येक गावकीला त्या दोन खाचांच्या मध्ये जाऊन बसत.

पंचायतीच्या मतदानाला मात्र ते न चुकता जात. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, बरोबर मिस्त्री. खोलीत शिरून साहेबाला विचारत, "ह्याचं आलं का?" साहेब यादी चाळून म्हणे, "नाही. तुमचं आहे." "मग आमी पुन्यांदा येतो," आबा म्हणत आणि मत न देता बाहेर पडत. साहेब बदलत, उत्तर तेच असे.

मी एकदा वैतागून म्हणालो, "आबा, तुमचं एक मत कमी पडलं की सरपंचांचंच फावतं."

"पडतं का फरक?"

"पडतोच की!"

"मग मिस्त्रीचं एक कमी पडल्यानं पडतो त्यो फरकबी कळला म्हणायचा तुमाला."

त्या रात्री मी ते दोन्ही ग्रंथ मनातल्या मनात पुन्हा चाळले.

मग एका डिसेंबरात भारताचं सैन्य गोव्यात गेलं. चावडीवरच्या रेडिओवर बातमी आली आणि तरुण मंडळ हार घेऊन काठाकडे धावलं. फिरंगी म्हणणारे तेच, हार घालणारेही तेच. सरपंचांनी झावळ्यांची कमान मागवली आणि ती अखेर जांभळाच्या झाडाखालीच उभी राहिली, मिस्त्रीच्या उंबऱ्यासमोर. भाषणात ते म्हणाले, की आजपासून मिस्त्री आपले झाले. मिस्त्री गळ्यात झेंडूचा हार घालून काथ्या ठोकत होता, कारण राळ तापली होती.

आबा नाराज होते. "ह्यो बसला व्हता तितंच बसलाय," ते मला म्हणाले. "तसूभर हालला न्हाई. सरकार हाललं. काल नालायक, आज हार. ह्यानं मधल्या मधी काय केलं सांगा."

"काही नाही."

"तेच म्हणतोय मी."

मिस्त्री आईला भेटायला गेला. या खेपेला चोरून नव्हे, एस.टी.ने. जाताना हत्यारांची पेटी बरोबर नेली, आणि गावाने मनात ओळखलं की हा काही परत येत नाही. त्याच्या आईचं घर तिथे, माणसं तिथे, आता वाटही मोकळी. एक महिना गेला, आणखी गेले. वैशाख संपत आला, होड्या ओढायचा दिवस उजाडला. मुकादमाने एकेका घराचं नाव घेतलं. मिस्त्रीचं नाव आलं, पण दोरावर त्याची जागा रिकामी होती.

"त्याच्या उंबऱ्यामागं मी," आबा मागून म्हणाले, आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस दोराला लागला.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "त्यो काय येत न्हाई आता. निदान आपला उंबरा तरी घिऊन या."

"त्याचा हाय त्यो," आबा म्हणाले. एवढं बोलून जेवायचे थांबले.

मिस्त्री आला तो थोड्याच दिवसांनी, दुपारच्या एस.टी.ने. टपावरून त्याने हत्यारांची पेटी उतरवली आणि मग एक लांबट लाकूड उतरवलं, गोणपाटात गुंडाळलेलं. घरी न जाता सरळ आमच्या टेकाडावर चढून आला. गोणपाट सोडलं. फणसाचा पिवळाजर्द उंबरा, नुकताच रंधा मारलेला.

"आवय येत नाय म्हणाली," तो म्हणाला. "तिची पेज, तिची फुलझाडं, तिची शेजारीण. मला म्हणाली, तू जा. मग शिव्या दिल्या. दुसऱ्याचा उंबरा घालून बसलास, त्या माणसाचं घर उघडं, लाज ना? परसातलं फणसाचं झाड तोडायला लावलं तिनं."

त्याने तो आबांच्या दारात बसवला. काकूंनी हळदकुंकू लावलं, एक पाऊल आत टाकलं, एक बाहेर टाकलं आणि म्हणाल्या, "झालं बाई, घर आन् भाईर येगळं झालं एकदाचं." पुढच्या वैशाखात त्या उंबऱ्यामागून गावकीला काकू गेल्या. देवळाच्या जोत्यावर बसलेली ती पहिली बाई. लोकांनी आबांकडे पाहिलं तर ते आपल्या खाचांच्या मध्ये निवांत बसले होते. "मला आता ऐकायची सवं लागलीया," ते म्हणाले.

त्यानंतरच्या निवडणुकीत चावडीपुढे नावं वाचली गेली आणि मिस्त्रीचं नाव आलं. मतदानाच्या दिवशी आबा पागोटं बांधून निघाले. खोलीत शिरल्यावर सवयीने त्यांनी विचारलं, "ह्याचं आलं का?"

"आलंय," साहेब म्हणाला.

आबा क्षणभर गोंधळले. इतक्या वर्षांत या उत्तराची तयारी त्यांनी केली नव्हती. मग म्हणाले, "मग आदी त्याचं घ्या."

मिस्त्री आत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा बोटावरची शाई वाळावी म्हणून हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. मागून आबा मत देऊन आले. आम्ही तिघं शाळेच्या पायरीवर बसलो. मी म्हणालो, "आबा, संपलं एकदाचं."

आबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. मैदानाच्या कडेला धरणावरच्या बंगल्याचा नेपाळी गुरखा उभा होता. बायको-पोरं घेऊन गावाच्या टोकाला राहायला आला त्याला बरीच वर्षं झाली होती. डोलीला येई, होड्यांना येई. आता रांगेकडे नुसता बघत होता, जत्रा बघावी तसा.

"तुजं झालं का रं?" आबांनी हाक मारून विचारलं.

"हमारा नाम नहीं है, आबा," तो जवळ येत म्हणाला. "हम नेपाल का."

आबांनी गावाच्या टोकाकडे काठी रोखली. "उंबरा हाय का तुला?"

गुरख्याला शब्द कळला नाही. मिस्त्रीने शाईचं बोट आडवं धरून हवेत जमिनीलगत एक रेघ ओढून दाखवली. गुरखा हसला आणि त्याने मान हलवली. ताडपत्रीच्या झोपडीला कसला आलाय उंबरा.

आबांनी वर टेकाडाकडे पाहिलं. आमच्या दारात फणसाचा पिवळा पट्टा उन्हात इथूनही दिसत होता. "मास्तर," ते म्हणाले, "पहार कुटं ठिवलीया?"

"पहार माझ्याकडं आसा," मिस्त्री म्हणाला आणि उठला. "पण तुमचा नको, आबा. ही खेप माझी."

तो काठाकडे चालू लागला. आबा काठी टेकून उठले. जांभळाखाली पोचलो तोवर मिस्त्रीने खांबाच्या बुडाशी पहार घातलीही होती. मी मुकाट्याने डाव्या बाजूला जाऊन वाकलो. गाठ त्याच टोकाला होती.